वाहरूचा जोडबंगला

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' ही म्हण ज्याने काढली, त्याचा गवंड्यांशी आणि व्याह्यांशी बराच संबंध आलेला असणार. वाहरूशी आला असता तर त्याने तिच्यात थोडा बदल केला असता. वाहरूने लग्न एकदाच केलं, आणि ते हातचं जाऊ नये म्हणून त्याने एक आख्खं घर एकट्याने उभारलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो. एरवी त्याच्यावर लिहावं असं कोणाला वाटणार नाही. खात्याच्या कागदांत तो 'शिपाई, एक' एवढाच असेल.

मी १९३४ साली धडगावच्या शाळेवर गेलो. मी कळसाडीचा, म्हणजे सपाटीवरचा, कापसाच्या मातीतला माणूस. घाट चढतानाच मला ताप भरला आणि पहिलं वर्षभर मी मुलांना कमी शिकवलं आणि बदलीचे अर्ज जास्त लिहिले. शाळेच्या शेजारी पत्र्याची एक वखार होती. तिच्या दाराशी खाकी पगडी घातलेला एक उंच, वाळका माणूस बसलेला असे. तो वाहरू. वखारीत काय आहे असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घर शे." मला वाटलं, माझी थट्टा करतो आहे.

पण आत खरोखरच घर होतं. जंगलाच्या मोजणीसाठी एक गोरा साहेब दर हिवाळ्यात डोंगरात येई. तंबूत त्याला हिव भरे, म्हणून त्याच्यासाठी विलायतेहून सुटं घर मागवलं होतं. फळ्यांचे चोवीस पल्ले, प्रत्येक पल्ला पुरुषाहून वीतभर उंच. छपराचा भार पेलणाऱ्या चार लाकडी कैच्या, पन्हळी पत्रे, काचेच्या दोन खिडक्या आणि पोतंभर बोल्ट. पल्ल्यांवर लाल रंगात आकडे घातलेले. एकाला दोन जोडायचा, दोनाला तीन, आणि चोविसावा परत एकाला भिडला की घर झालं. सुतार नको, गवंडी नको. सकाळी माळावर काही नसे आणि संध्याकाळी साहेब खिडकीशी बसून चहा पीत असे. सगळे त्याला जोडबंगला म्हणत.

आता हे घर एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जाई कसं? घाटात गाडी चालत नव्हती. मग वेठ. कोतवाल पाड्यात जाऊन हाळी देई, "उद्या घरटी एक माणूस!" ज्याची सुगी चालली आहे त्यानेही यायचं आणि ज्याच्या अंगात ताप आहे त्यानेही यायचं. मजुरीच्या नावाने कधी पसाभर मीठ मिळे, कधी तेही नाही. चोवीस पाठींवर चोवीस पल्ले दोराने बांधलेले, मागे पत्रेवाले, आणि सगळ्यांच्या पुढे हातात छडी घेतलेला वाहरू. ही मिरवणूक मी दोन हिवाळे शाळेच्या ओट्यावरून पाहिली. पोरांना पाढे म्हणायला लावून पाहिली.

वाहरू स्वतः पावरा, त्याच डोंगरांतल्या आदिवासी जमातीचा. ज्यांच्या पाठीवर पल्ले असत ते त्याच्याच पाड्यातले, त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले. घरी पावरी बोलणारा हा माणूस खात्यात पंचवीस वर्षं काढून आमच्यासारखी अहिराणी बोलायला शिकला होता. तो दुष्ट नव्हता. दुष्ट माणसावर मला लिहिताच येत नाही, डोकं तापतं. छडी त्याने कोणाला मारलेली मी पाहिली नाही. फक्त तो चालताना कधी मागे वळून पाहत नसे. साहेब पुढे थांबलेला असे, आणि वाहरूचे डोळे साहेबाकडे असत.

त्याची बायको दिवलीबाई मात्र त्याच्याजवळ राहत नव्हती. ती दीड कोसावर, वाहरूच्याच पाड्यात, तिच्या भावाकडे, गोवालकडे, राहत होती. एकुलती पोर बडवानीकडे दिलेली. या नवराबायकोचं काय बिनसलं ते वाहरूनेच मला सांगितलं, आणि एकदा नव्हे, दहादा सांगितलं. मी येण्याआधी पाच वर्षं, मार्गशीर्षात, साहेबाचा मुक्काम हलला. गोवालच्या पाठीवर सतरा नंबरचा पल्ला होता. वर चढताना गोवाल म्हणाला, जरा खाली ठेवतो, पाय थरथरतात. वाहरू पुढूनच ओरडला, चला चला, साहेब थांबला आहे. पुढच्याच वळणावर गोवालचा पाय घसरला आणि पल्ला त्याच्या नडगीवर आला. हाड मोडलं. वाहरूने एक माणूस गोवालजवळ बसवला, पल्ला दुसऱ्याच्या पाठीवर दिला आणि तो पुढे गेला, कारण घर संध्याकाळपर्यंत उभं राहायला हवं होतं. पाय वाकडाच जुळला. तेव्हापासून गोवाल काठी घेऊन लंगडत चाले.

दिवलीबाईने नवऱ्याला शिवी दिली नाही. ती एवढंच म्हणाली, की साहेबाच्या वखारीशी मी राहणार नाही. ज्या दिवशी पाड्यात तुझं स्वतःचं घर होईल, त्या दिवशी येईन. हे बोलून तिला सात वर्षं झाली होती. वाहरू होळीला पाड्यात जाई, लांबून तिला पाहून येई आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून म्हणे, "नोकरी सरनी का घर बांधसू, मास्तर. मंग ती ई."

छत्तीस साली मोजणी संपली. साहेब गेला, वाहरूची पगडीही गेली. बापाची एक जागा पाड्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली पडून होती. तिथे घर बांधायचं त्याने ठरवलं. पाड्यात घर बांधायला कोणी मजूर लावत नाही. लाह बोलावतात. एकाचं काम निघालं की सगळा पाडा येतो, खांब रोवतो, कूड विणतो, छप्पर चढवतो. मजुरी नाही. जेवण आणि मोहाची दारू. उद्या दुसऱ्याचं काम निघालं की हा त्याच्याकडे जातो. एका दिवसात घर उभं राहतं आणि त्या घराला गावाचा हात लागतो.

वाहरूने माघात लाह बोलावली. मलाही आमंत्रण होतं. मी सकाळी गेलो तर तो न्हाऊन, धुतलेली बंडी घालून उभा. खांबांची लाकडं परवान्याने आणून रचलेली. बोकड कापलेला, उडदाची डाळ मोठ्या हंड्यात शिजलेली, दारूचे चार घडे झाडाच्या सावलीत झाकलेले. पन्नास माणसांचं जेवण होतं आणि माणूस एकच होता. मी दुसरा.

"येतीन," तो म्हणाला. "सुगी शे ना, उशीर व्हस."

ऊन डोक्यावर आलं. समोरच्या टेकडीवर माणसं आपापल्या शेतात दिसत होती. ती आमच्याकडे पाहत नव्हती आणि लपतही नव्हती. एक बाई डोक्यावर भारा घेऊन वाटेने आली, आम्हांला पाहून बांधावरून वळसा घालून गेली. दुपार कलली तेव्हा वाहरूने मला जेवायला वाढलं. मी जेवलो. तो समोर बसून माझ्या ताटात डाळ घालत राहिला, पुन्हा पुन्हा. मी नको म्हणत होतो आणि खात होतो, कारण त्या हंड्यातलं काहीतरी कमी व्हावं असं मलाच वाटत होतं. इतकं उदास जेवण मी तेराव्यालाही जेवलेलो नाही.

घरी येऊन तापीबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यानी बोलावं कसं लोकस्ले?"

मी म्हटलं, कोतवालाकडून हाळी दिली. उद्या वाहरूच्या जागेवर घरटी एक माणूस.

तिने कपाळावर हात मारला. "तुम्ही इतला शिकेल, तुम्हले बी नही समजनं? हाऊ तं वेठना हुकूम व्हयना! बोलावनं ऱ्हास तं मालक सोता दारवर येस, बठस, पानी पेस, मंग सांगस."

मी तोंडात बोटं घातली. दुसऱ्या दिवशी वाहरूला हे सांगितलं. पंचवीस वर्षं माणसं बोलवायची त्याला एकच रीत ठाऊक होती. त्याने मुद्दाम केलं असतं तर मी त्याला झापलं असतं. पण त्याला खरोखरच सुचलं नव्हतं. मी म्हटलं, मग आता जा दारोदार. तो मान हलवून म्हणाला, "आते कोन्हा तोंडवर जाऊ?" आणि उठून गेला.

फाल्गुनात वखारीचा लिलाव निघाला. टेबल, खुर्च्या, साखळ्या लगेच गेल्या. जोडबंगल्याला गिऱ्हाईक नव्हतं. प्रेमचंद नावाचा शहाद्याचा एक भंगारवाला पत्र्यांवर डोळा ठेवून आला होता, पण घाट उतरवायचा खर्च ऐकून त्याने काढता पाय घेतला. शेवटी, खांबांची लाकडं विकून पैसे गाठीला बांधून आलेल्या वाहरूने हात वर केला. कारकून हसला. मी हसलो नाही, पण वाहरूला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा, हे काय करतो आहेस?

त्याचे डोळे चमकत होते. इतका खूश मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता. "मास्तर, ह्या घरले कोन्हीच नही लागस. नंबरले नंबर जोडाना. मी एकला बांधसू. दिवली म्हने घर बांध, मी बांधस."

त्याच्या हिशेबात चूक कुठेच नव्हती. घर पाहिजे, गाव येत नाही, तर गावाशिवाय उभं राहणारं घर घ्यावं. चूक कुठे आहे ते पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मला दिसलं होतं, आणि मी ते बोललो नाही. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला सांगायची माझी छाती झाली नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

चैत्रात त्याने घर वाहायला सुरुवात केली. पाड्याची वाट खडकाची, मध्ये एक खिंड, त्यामुळे बैलाचा उपयोग नाही. पल्ला पाठीवर घ्यायचा, कपाळावरून दोराचा पट्टा घ्यायचा आणि वाकून चालायचं. पहिला पल्ला टाकून तो परत आला तेव्हा मी शाळा सोडून ओट्यावर बसलो होतो. त्याने कपाळावरचा पट्टा काढला. त्याचे खांदे सोललेले होते. मग म्हणाला, "मास्तर, हाई इतलं जड शे? माले ठाऊकच नव्हतं."

पंचवीस वर्षं तो त्या घराबरोबर चालला होता.

चोवीस पल्ले, कैच्या, पत्रे वाहायला सव्वा महिना गेला. वाटेत लोक भेटत. त्याला पाहून ते बाजूला होत, वाट देत आणि गप्प उभे राहत. कोणी हसलं असतं, टोमणा मारला असता, तरी त्याला बरं वाटलं असतं. एकदा खिंडीत त्याचा तोल गेला आणि तो पल्ल्यासकट बसला. पलीकडे दोन पुरुष गवत कापत होते. त्यांनी हातातले विळे थांबवले, पाहिलं आणि परत कापायला लागले. हे त्याने मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. "तेस्न्हं काम चालू व्हतं," असं म्हणाला.

बांधायला वैशाख गेला. पल्ला उभा धरायला एक माणूस आणि बोल्ट पिळायला एक असे दोघे तरी लागतात. वाहरूने पल्ल्यांना बेचक्यांचे टेकू दिले, मोहाच्या फांदीवरून दोर टाकला, दोराचं टोक कंबरेला बांधलं आणि स्वतःच्या वजनाने कैची वर ओढली. मी एका रविवारी मदतीला गेलो. त्याने माझ्या हातात ओळंबा दिला, आणि थोड्या वेळाने काढून घेतला. "नको मास्तर. तुमना हात लागना तं लोके म्हनतीन, मास्तरनी बांधी दिनं." खरं कारण असं असावं, की मी ओळंबा वाऱ्यात हलू देत होतो.

आणि घर उभं राहिलं. अगदी सरळ, कोपरा न् कोपरा गुण्यात, साहेबाच्या वेळी राहत असे त्याहूनही नीट. कुडाच्या घरांच्या त्या पाड्यात ते स्टेशनवर उतरवलेल्या पार्सलासारखं दिसत होतं. त्याने आत चूल घातली, कोपऱ्यात दोन रिकाम्या कोठ्या ठेवल्या, बायकोच्या लुगड्यासाठी वळणी बांधली. मग स्वतः गोवालच्या दारात गेला. एवढं तो शिकला होता. दारात बसला, पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, घर झालं.

दिवलीबाई आली. मी तिथे होतो, वाहरूने मला बोलावून घेतलं होतं. बरोबर काठी टेकत गोवाल. दिवलीबाई ठेंगणी, केस पिकलेली. मी पाहिलेल्या बायकांत एवढी ताठ बाई दुसरी नाही. तिने घराभोवती एक फेरी घातली. गोवाल दाराच्या डावीकडे थांबला. तिथल्या पल्ल्याच्या कडेला लांब चीर गेलेली होती आणि वर सतराचा आकडा होता. गोवालला आकडे येत नव्हते. तो त्या चिरेवरून अंगठा फिरवत राहिला.

ती पावरीत बोलली. मला तेव्हा ती भाषा कळू लागली होती. मी माझ्या मराठीत सांगतो.

"कोणी उभं केलं?"

"मी. एकट्याने."

"वाहिलं कोणी?"

"मीच. सगळं मी वाहिलं, दिवली. एकेक पल्ला."

"या वेळी," ती म्हणाली. "हे घर नाही. हे आमच्या पाठीवरचं ओझं आहे. ते तू आणून आमच्याच पाड्यात उभं केलंस. याच्यात मी कशी झोपू?"

उंबऱ्याला पाय न लावता ती गेली. गोवाल तिच्या मागे गेला. वाहरू दारात उभा होता, आत चूल धूर सोडत होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, घर चांगलं झालं आहे हो. जगात इतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नसेल.

सबंध पावसाळा तो त्या घरात एकटा राहिला. पाड्यातल्या घरांना दारं नसल्यासारखीच, माणसं एकमेकांकडे आत-बाहेर करत असतात. वाहरूकडे कोणी विस्तवही मागायला आलं नाही. पत्र्यावर पाऊस असा वाजे की स्वतःचं बोलणंही त्याला ऐकू येत नसे, आणि दुसऱ्याचं तर नव्हतंच. श्रावणात मी गेलो तेव्हा तो काच पुसत होता. खिडकी लख्ख होती. मी म्हटलं, किती पुसशील? तो म्हणाला, इथून गोवालच्या शेताची वाट दिसते. दिवली निंदायला जाते, निंदून येते. "दिसमा दोनदा दिसस," असं म्हणाला, आणि मला तिथून लवकर निघावंसं वाटलं. मी धडगावला कुढत होतो खरा, पण माझ्या घरी तापीबाई होती, भांडायला का होईना.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पुन्हा पाड्यात गेलो आणि मोहाखाली घर नव्हतं. पल्ले एकावर एक रचलेले, बोल्ट पोत्यात, आणि वाहरू दोराला गाठ मारत होता. मी चिडलो. अरे वेड्या, म्हटलं, एक वर्ष घातलंस या घरात! विकतोस का आता? कोण घेणार?

"इकत नही," तो म्हणाला. "जेन्हं तेले दी टाकस."

तेव्हा मला कळलं. त्याने पहिल्या पल्ल्यावर हात ठेवला. "हाऊ एक नंबर, रेवजीना. दोन नंबर वीरसिंगना, तो मरी गया, तेन्ही बायको शे. तीन नंबर उदेसिंगना. चार नंबर पहिले दिलवरसिंगना, मंग तेन्हा भाऊना." चोवीसच्या चोवीस. कोणत्या पल्ल्याखाली कोणाची पाठ होती, ते त्याला तोंडपाठ होतं. त्याने कधी मागे वळून पाहिलं नाही असं मी समजत होतो. पाहिलं नव्हतंच. पण पाठीवर पल्ले बांधून देणारा तोच होता.

मी उभ्या उभ्या आठवू लागलो. माझी पुस्तकांची पेटी, तापीबाईची खाट, पीठ दळायचं जातं, हे सगळं घाट चढून धडगावला आलं ते कोणाच्या डोक्यावर? तीन माणसं होती, की चार? एकाचं नाव मला आठवेना. आठवेल कसं, मी विचारलंच नव्हतं. मी त्या दिवशी वाहरूला पुढे काही उपदेश केला नाही.

तो रोज एक-दोन पल्ले पाठीवर घेई आणि त्या त्या घरी नेऊन अंगणात उतरवी. रेवजीने पल्ल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तो कुंपणाशी पडून राहिला आणि वाळवीने धरला. वीरसिंगच्या बायकोने गोठ्याला आडोसा केला. कोणी ज्वारीच्या कोठीवर झाकण घातलं, कोणी फोडून जाळला. पत्रे आणि कैच्याही त्याने त्याच घरांत वाटल्या, खिडक्या शाळेला दिल्या. एक मी बसवली, दुसरी पोरांनी पहिल्याच आठवड्यात फोडली. चोवीस अंगणांत तो गेला आणि पाणी त्याला एकाही अंगणात कोणी विचारलं नाही. सतरावा पल्ला त्याने शेवटी नेला. गोवाल अंगणात बाज विणत होता. वाहरूने पल्ला भिंतीला टेकवला, थोडा वेळ थांबला आणि परत आला.

मग त्याच्याजवळ काहीच उरलं नाही. मोहाच्या बुंध्याला पळसाच्या पानांचा आडोसा करून तो राहू लागला. थंडीत खोकला झाला. मी कांबळं नेऊन दिलं, ते त्याने घेतलं. दिवलीबाईचं नाव त्याने काढणं सोडलं होतं. याचं मला फार वाईट वाटलं. सात-आठ वर्षं तो तिच्यावाचून राहिला होता, पण ती येईल या भरवशावर. आता भरवसाही नव्हता.

माघ संपता संपता माझ्या बदलीचा हुकूम आला. ज्या हुकमासाठी मी इतके अर्ज केले तो हातात पडला आणि मला आनंद झाला नाही. निरोप घ्यायला मी सकाळीच पाड्याकडे निघालो. खिंड ओलांडली तर पुढे वाटेवर दोन माणसं दिसली. अंजनाचा एक जाड खांब दोघांच्या खांद्यावर होता. मागचं टोक दिवलीबाईच्या, पुढचं गोवालच्या. गोवाल एका हाताने काठी टेकत होता, त्यामुळे खांब पावलागणिक वरखाली होत होता. दर वीस-पंचवीस पावलांवर ते थांबत, खांब खाली ठेवत, श्वास घेत आणि पुन्हा उचलत. मी मागून चाललो. मदत करू का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मोहाखाली येऊन त्यांनी खांब उतरवला. वाहरू आडोशातून बाहेर आला. त्याच्याशी कोणी बोललं नाही. गोवाल बसून पहारीने खड्डा खणू लागला, दिवलीबाई ओंजळींनी माती काढू लागली. वाहरू चार हात दूर, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता. साहेबासमोर उभं राहायची त्याची तीच सवय होती. त्याला पुढे व्हायचं होतं ते मला दिसत होतं, आणि पुढे होण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही तेच त्याला कळत नव्हतं. त्याचा चेहरा मला पाहवेना.

खड्डा झाला. दोघांनी खांब उभा केला. दिवलीबाईने तो मिठीत धरला आणि गोवाल चांगल्या पायाने माती दाबू लागला, पण एका पायावर त्याचा तोल जाई आणि खांब कलंडे. एकदा कलंडला, दोनदा कलंडला. तिसऱ्यांदा दिवलीबाईने मान वळवली आणि नवऱ्यावर खेकसली.

"बघत काय उभा राहिलास? धर!"

वाहरू धावला. धावताना पडता पडता वाचला. त्याने खांबाला दोन्ही हात घातले, कपाळ लाकडाला टेकवलं आणि तो रडू लागला, मोठ्याने, पोरासारखा. दिवलीबाई बाजूला होऊन पुन्हा माती लोटू लागली. पाड्यातलं दुसरं कोणी आलं नाही. समोरच्या टेकडीवर माणसं कामं करत होती, एक-दोघं थांबून पाहत होती. मलाही कोणी धर म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

खांब थोडा तिरका होता. जोडबंगला गुण्यात बसवणाऱ्या वाहरूला ते नक्की दिसत होतं. तो काही बोलला नाही. गोवाल माती दाबत फिरत राहिला, आणि तो "सोड" म्हणेपर्यंत वाहरूने हात काढला नाही.